उबुंटूवर अपडेट करताना: आधी यादी वाचा, मग ‘वाय’ दाबा

‘अपडेट केलं आणि कॉम्प्युटर बिघडला’ ही तक्रार लिनक्स वापरणाऱ्यांकडून सारखी ऐकू येते. खोदून विचारलं की बहुतेक वेळा दोष अपडेटचा नसतोच. अपडेट चालू असताना वीज गेलेली असते, किंवा कुठलातरी व्हिडिओ बघून एक अनोळखी रिपॉझिटरी (सॉफ्टवेअर जिथून उतरतं तो ऑनलाइन साठा) जोडून ठेवलेली असते. नाहीतर मशीनने ‘एवढी पॅकेजेस काढून टाकतोय, चालेल ना?’ असं सरळ विचारलेलं असतं आणि समोरच्याने न वाचता ‘वाय’ दाबलेलं असतं.

पुढचं सगळं उबुंटू २४.०४ डेस्कटॉप समोर ठेवून लिहिलं आहे. लिनक्स मिंट किंवा डेबियनवर ॲप्टचा (म्हणजे पॅकेजेस बसवणाऱ्या मुख्य साधनाचा) भाग जवळपास जसाच्या तसा लागू पडतो. मिंटमध्ये स्नॅप (सॉफ्टवेअर बसवायची दुसरी पद्धत) मुळात बंद असतं, तेव्हा तेवढं वगळा. फेडोरावाल्यांच्या कमांड वेगळ्या, पण कामांचा क्रम त्यांनाही उपयोगी पडेल.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायच्या. जिथे दोन आडव्या रेघा दिसतील तिथे दोनच द्यायच्या, आणि रेघ व पुढचा शब्द यांत जागा सोडायची नाही.

## १. कोणतं सॉफ्टवेअर कुठून आलंय ते ओळखा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि पुढचा अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. उबुंटूवर सॉफ्टवेअर येण्याच्या वाटा चार, आणि प्रत्येक वाटेचं अपडेट वेगळं.

पहिली वाट ॲप्ट. सिस्टीम, कर्नल (सिस्टीमचा गाभा), ड्रायव्हर आणि बरीचशी नेहमीची सॉफ्टवेअर यातून येतात. दुसरी स्नॅप. २२.०४ पासून उबुंटूतलं फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतं, त्यामुळे ‘ॲप्ट अपग्रेड केलं तरी फायरफॉक्स जुनंच’ असं वाटत असेल तर कारण हे. तिसरी फ्लॅटपॅक, उबुंटूत ते आधीपासून नसतं, तुम्ही स्वतः बसवलं असेल तरच पाहायचं. चौथी वाट म्हणजे वेबसाइटवरून थेट उतरवलेली फाइल: डेब किंवा ॲपइमेज.

चौथ्या वाटेत एक बारकावा आहे. गूगल क्रोमची डेब फाइल बसवली की ती स्वतःची रिपॉझिटरीही जोडून ठेवते, म्हणून क्रोम पुढे ॲप्टबरोबर आपोआप नवं होत राहतं. सगळ्याच डेब फाइली असं करत नाहीत. ज्या करत नाहीत त्या बसवल्या दिवशी होत्या तशाच राहतात. ॲपइमेजचंही बहुधा तेच: नवी फाइल स्वतः आणायची, जुनी स्वतः पुसायची.

आता यादी काढा:

- स्नॅप लिस्ट
- फ्लॅटपॅक लिस्ट
- ॲप्ट पॉलिसी, आणि पुढे पॅकेजचं नाव. कोणती आवृत्ती बसली आहे आणि ती कोणत्या रिपॉझिटरीतून आली, दोन्ही कळतं.

एकच सॉफ्टवेअर दोन वाटांनी बसलेलं आढळलं, उदाहरणार्थ व्हीएलसी ॲप्टमधूनही आणि स्नॅपमधूनही, तर एक काढून टाका. दोन्हींच्या सेटिंग वेगळ्या ठिकाणी राहतात. आज एक उघडतं, उद्या दुसरं, आणि ‘माझ्या सेटिंग गेल्या’ म्हणून शोधाशोध सुरू होते.

मग ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडून ‘अदर सॉफ्टवेअर’ या टॅबवर जा. तिथे दिसणाऱ्या प्रत्येक ओळीबद्दल ‘ही मी का जोडली?’ हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. ज्या ओळीचं उत्तर सापडत नाही तिच्यासमोरची खूण काढा. ओळ पुसायची घाई नको, खूण काढली तरी पुरे.

सावध: जुने लेख वाचून ‘सोर्सेस.लिस्ट’ या फाइलमध्ये हाताने ओळी चिकटवू नका. २४.०४ मध्ये उबुंटूच्या मुख्य रिपॉझिटरींची नोंद ‘उबुंटू.सोर्सेस’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. दोन्हीकडे तेच लिहिलं की प्रत्येक अपडेटला ‘कॉन्फिगर्ड मल्टिपल टाइम्स’ अशा इशाऱ्यांची रांग लागते.

## २. तयारी

वीज. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, आणि त्या यूपीएसची बॅटरी खरोखर चालते ना हे आधी बघून. दुरुस्तीसाठी ठरावीक वारी वीज बंद राहत असेल तर तो दिवस सोडा. वळवाचं आभाळ भरून आलं असेल तर तेव्हाही नको. पॅकेजेस डाउनलोड होताना वीज गेली तर काहीच बिघडत नाही. ती बसवली जात असताना गेली तर मात्र चौथी पायरी करावी लागते.

इंटरनेट. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेहमीचं अपडेट चालतं. किती डेटा लागणार हे ॲप्ट ‘वाय’ विचारायच्या आधीच सांगतं, तो आकडा बघा. अख्खी आवृत्ती बदलायची असेल तर एक-दोन जीबी सहज लागतात; ते काम वायफायवर किंवा केबलवर करा.

जागा. ‘डीएफ -एच’ ही कमांड द्या. ज्या ओळीच्या शेवटी नुसती तिरकी रेघ आहे ती तुमची मुख्य डिस्क. ती ९० टक्क्यांच्या वर भरली असेल तर आधी मोकळी करा. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर ‘बूट’ हा वेगळा छोटा भागही यादीत दिसेल. जुनी कर्नल साठून तो भरला की नवं कर्नल अर्धवट बसतं. त्यामुळे मुख्य डिस्कवर ढीगभर जागा असली तरी ही ओळ वेगळी तपासा.

घड्याळ. जुन्या मशीनवर हे हमखास सतावतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की मशीन चालू होताना तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. मग अपडेट म्हणतं, ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’, आणि लोक रिपॉझिटरी बदलत बसतात. तारीख-वेळ बरोबर करा, पुन्हा अपडेट द्या, काम होतं. सेल बदलला की कायमचं मिटतं.

कीबोर्ड. मराठी इनस्क्रिप्ट चालू असताना टर्मिनलमध्ये पासवर्ड टाकला तर तो चुकणारच. आणि टर्मिनल पासवर्ड टाइप होताना ठिपकेसुद्धा दाखवत नाही, त्यामुळे काय चुकतंय ते कळत नाही. वरच्या पट्टीत भाषा बघा. सुपर आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजीवर या.

बॅकअप. दोन वेगळे हवेत. सिस्टीमचा बॅकअप टाइमशिफ्टने घ्या: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टाइमशिफ्ट’ (‘सुडो’ म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने), मग आरसिंक पर्याय निवडून स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची त्या वेळची प्रत. तुमचे फोटो, कागदपत्रं, हिशेब ज्या होम फोल्डरात आहेत ते टाइमशिफ्ट मुळात घेतच नाही, त्यांची प्रत वेगळी काढायची. विंडोजसाठी फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल डिस्क टाइमशिफ्टच्या स्नॅपशॉटला चालत नाही. ईएक्सटी४ सारखी लिनक्सची फाइलसिस्टीम लागते.

तपासा: स्नॅपशॉट टाइमशिफ्टच्या यादीत आजच्या तारखेने दिसतोय का? दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

## ३. ॲप्टचं अपडेट: तीन कमांड, याच क्रमाने

पहिली: सुडो ॲप्ट अपडेट

नावाने फसू नका. ही कमांड काहीही बसवत नाही. कुठे काय नवं आलंय याची ताजी यादी तेवढी आणते. एवढंच करून ‘झालं अपडेट’ म्हणून टर्मिनल बंद करणारे पुष्कळ आहेत.

उत्तरात प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक शब्द येतो. ‘हिट’ म्हणजे यादी आधीच ताजी आहे, ‘गेट’ म्हणजे नवी उतरवली, ‘एर’ म्हणजे ती रिपॉझिटरी मिळालीच नाही. ‘एर’ दिसलं तर तिथेच थांबा. इंटरनेट चालू आहे का बघा. चालू असेल तर ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये ‘डाउनलोड फ्रॉम’ इथे ‘मेन सर्व्हर’ निवडून पुन्हा प्रयत्न करा. ‘एर’ची ओळ एखाद्या बाहेरच्या रिपॉझिटरीची असेल तर तिच्यासमोरची खूण काढा.

दुसरी: ॲप्ट लिस्ट --अपग्रेडेबल

काय काय बदलणार ते दिसतं. यादीत कर्नल किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल आणि तासाभरात तुमची ऑनलाइन मीटिंग असेल, तर अपडेट संध्याकाळी करा.

तिसरी: सुडो ॲप्ट अपग्रेड

आता वाचायचं. ॲप्ट एकदम कामाला लागत नाही. आधी याद्या दाखवतं आणि मग विचारतं. नवं काय बसणार, कशाची आवृत्ती बदलणार, काय मागे ठेवलं. साधं ‘अपग्रेड’ बसलेलं पॅकेज काढत नाही, म्हणून रोजच्या वापराला तेच बरं. ‘फुल-अपग्रेड’ गरज पडली तर पॅकेजेस काढतंसुद्धा. तिथे, आणि कोणतंही नवं सॉफ्टवेअर बसवताना, ‘विल बी रिमूव्ह्ड’ या शब्दांखालची यादी सगळ्यात महत्त्वाची.

ती का वाचायची, त्याचं एक नेमकं उदाहरण. २२.०४ किंवा त्यापुढच्या उबुंटूवर एखादी ॲपइमेज उघडत नाही आणि ‘फ्यूज’ लागतं असं सांगते. माणूस ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल फ्यूज’ देतो. हे जुनं फ्यूज आणि डेस्कटॉपला लागणारं फ्यूज३ एकत्र नांदत नाहीत, म्हणून ॲप्ट फ्यूज३ आणि त्यावर अवलंबून असलेल्या गोष्टी काढायचा प्रस्ताव ठेवतं, आणि त्यात डेस्कटॉपचे भाग येऊ शकतात. ‘वाय’ दाबलं की पुढच्या वेळी मशीन चालू होतं, पण लॉगिननंतर नेहमीचा डेस्कटॉप येत नाही. खरं तर हवी असते एक छोटी लायब्ररी: २२.०४ वर तिचं नाव ‘लिबफ्यूज२’, २४.०४ वर ‘लिबफ्यूज२टी६४’. ती बसवताना काढायच्या यादीत काही येत नाही. यादीवर दहा सेकंद नजर टाकली असती तर हे सगळं टळलं असतं.

सावध: काढायच्या यादीत ‘उबुंटू-डेस्कटॉप’, ‘जीडीएम३’, ‘नेटवर्क-मॅनेजर’ किंवा ‘जीनोम-शेल’ दिसलं तर ‘एन’ दाबून बाहेर पडा. ‘येस, डू ॲज आय से’ हे अख्खं वाक्य टाइप करायला सांगितलं गेलं तर नक्कीच पडा. ते वाक्य तुम्हाला थांबवण्यासाठीच ठेवलेलं आहे.

‘केप्ट बॅक’ किंवा ‘डिफर्ड ड्यू टू फेजिंग’ असं लिहून काही पॅकेजेस मागे राहिली तर काळजी नको. उबुंटू काही अपडेट सगळ्यांना एका दिवशी देत नाही, टप्प्याटप्प्याने सोडतं, म्हणजे गडबड निघालीच तर थोड्यांवर निभावतं. तुमचा नंबर काही दिवसांत लागेल. ती जबरदस्तीने ओढून बसवायच्या युक्त्या इंटरनेटवर मिळतात. त्यांची गरज नसते.

मधेच एखादी कॉन्फिगरेशन फाइल ‘तुमची ठेवू की नवी बसवू?’ असा प्रश्न येऊ शकतो. त्या फाइलमध्ये तुम्ही मुद्दाम काही बदललं असेल तर जुनी ठेवा. नुसतं एंटर दाबलं तरी जुनीच राहते.

## ४. अडकलं तर

‘कुड नॉट गेट लॉक’. मशीन चालू केल्या केल्या हे दिसण्याचं साधं कारण असं की सुरक्षेची अपडेट उबुंटू मागच्या मागे स्वतः बसवत असतं. त्याच ओळीत ‘अनअटेंडेड-अपग्र’ असं तुटक नाव दिसेल. थांबा. चहा करून या. लॉकची फाइल पुसायला सांगणारा सल्ला जागोजागी मिळतो, पण तो पाळू नका: एक काम चालू असताना दुसरं त्याच पॅकेजेसवर सुरू झालं तर नोंदींचा डेटाबेसच बिघडतो. अर्धा तास उलटूनही लॉक सुटला नाही तर मशीन रीस्टार्ट करा आणि खालच्या तीन कमांड द्या.

वीज गेली किंवा टर्मिनल मधेच बंद झालं. क्रमाने या तीन:

1. सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
2. सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
3. सुडो ॲप्ट अपडेट, आणि त्यानंतर सुडो ॲप्ट अपग्रेड

पहिली कमांड अर्धवट राहिलेली पॅकेजेस पुरी करते, दुसरी सुटलेली जोडणी भरते. दुसरीतही काढायची यादी येऊ शकते. तीही वाचायची.

रीस्टार्टनंतर काळी स्क्रीन. मशीन सुरू होताना एस्केप, किंवा जुन्या बायोसवर शिफ्ट, दाबून ग्रबचा, म्हणजे काय चालू करायचं ते निवडायचा, मेनू आणा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचं कर्नल निवडा. मशीन नीट चालू झालं तर भानगड नव्या कर्नलची किंवा त्याच्याशी न जुळलेल्या ड्रायव्हरची आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधूनच बसवलेला बरा. कंपनीच्या साइटवरची ‘रन’ फाइल बसवली की तिचा हिशेब ॲप्टला ठेवता येत नाही.

## ५. स्नॅप आणि फ्लॅटपॅक

स्नॅप दिवसातून चारदा स्वतःच अपडेट तपासतं. फायरफॉक्स उघडं असेल तर ‘ॲप बंद करा’ अशी सूचना येते. ती महत्त्वाची, कारण खिडकी आठवडाभर उघडी ठेवली तर अपडेटही आठवडाभर लांबतं. हाताने करायचं तर ॲप बंद करून ‘सुडो स्नॅप रिफ्रेश’. नव्या आवृत्तीने त्रास दिला तर ‘सुडो स्नॅप रिव्हर्ट’ आणि ॲपचं नाव. आधीची आवृत्ती डिस्कवर ठेवलेली असते.

मोजका डेटा असेल तर ‘सुडो स्नॅप रिफ्रेश --होल्ड=२४एच’ देऊन एक दिवस थांबवता येतं. कायमचं थांबवू नका. ब्राउझर जुना ठेवून बँकेचे व्यवहार करण्यात शहाणपण नाही.

फ्लॅटपॅक सोपं आहे: ‘फ्लॅटपॅक अपडेट’, आणि अधूनमधून ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’. दुसऱ्या कमांडने वापरात नसलेले रनटाइम निघतात आणि बरीच जागा सुटते.

## ६. आधी रीस्टार्ट, मग साफसफाई

हा क्रम उलटा करणारे फार. अपग्रेड संपलं की लगेच ‘ऑटोरिमूव्ह’ चालवलं जातं, आणि नव्या कर्नलवर वायफाय चालत नाही हे कळतं तोवर परतीच्या वाटा कमी झालेल्या असतात.

आधी रीस्टार्ट करा. ‘युनेम -आर’ देऊन नवं कर्नल चालू आहे ना बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर, एचडीएमआय एकदा वापरून पाहा. दोन-तीन दिवस ठीक गेले की:

- सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह
- सुडो ॲप्ट क्लीन

दुसरी कमांड डाउनलोड झालेल्या डेब फाइली पुसते, तिच्यात धोका नाही. पहिलीची यादी वाचायची. जुनी कर्नल, लायब्ररी असं काही असेल तर जाऊ द्या. तुम्ही रोज वापरता असं सॉफ्टवेअर दिसलं तर ‘एन’ दाबा आणि ‘सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल’, पुढे त्याचं नाव, अशी नोंद करा. मग ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही.

## ७. नवं बसवताना, जुनं काढताना

उतरवलेली डेब फाइल ‘डीपीकेजी -आय’ने बसवू नका, लागणाऱ्या बाकीच्या गोष्टी ते आणत नाही. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ लिहून पुढे टिंब, तिरकी रेघ आणि फाइलचं नाव द्या. टिंब आणि रेघ विसरलात तर ॲप्ट ते नाव रिपॉझिटरीत शोधत बसतं.

काढताना ‘रिमूव्ह’ने सॉफ्टवेअर जातं, सिस्टीममधली कॉन्फिगरेशन राहते, ‘पर्ज’ने तीही जाते. होम फोल्डरातल्या तुमच्या सेटिंग दोन्हीत शिल्लक राहतात.

सावध: ‘जुनं पायथन काढून नवं टाकतो’ हा विचार सोडून द्या. उबुंटूची कितीतरी साधनं सिस्टीमच्या पायथनवर उभी आहेत. ते काढलं तर डेस्कटॉपही जातो. अभ्यासासाठी किंवा कामासाठी वेगळ्या लायब्ररी हव्या असतील तर व्हेन्व्ह, म्हणजे सिस्टीमपासून वेगळं पायथनचं वातावरण, बनवा. २४.०४ वर पिपने (पायथनच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाने) ‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून नकार दिला तर ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ जोडून पुढे रेटू नका. त्या पर्यायाच्या नावातच परिणाम लिहिलाय.

## ८. अख्खी आवृत्ती बदलताना

एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला ५ वर्षं सुरक्षेची अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने. घरच्या किंवा दुकानातल्या मशीनवर एलटीएसच ठेवा. २२.०४ ची मुदत २०२७ मध्ये संपते.

1. पायरी १ ते ६ पूर्ण करा, रीस्टार्टसह. अर्धवट अपडेट झालेल्या सिस्टीमवरून उडी मारू नका.
2. बाहेरच्या सगळ्या रिपॉझिटरी बंद करा. अपग्रेडर त्या स्वतःही बंद करतो, पण त्यांतून आलेली नवी पॅकेजेस तशीच राहतात आणि अडथळा करतात.
3. उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून त्यावरून मशीन चालू होतं का ते एकदा बघून ठेवा. अपग्रेड फसलं तर टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट परत आणायला तोच लागतो.
4. ‘सुडो डू-रिलीज-अपग्रेड’ चालवा. एका एलटीएसवरून पुढच्याच एलटीएसवर जाता येतं. २०.०४ असेल तर आधी २२.०४, तिथे सगळं चालतंय याची खात्री, मग २४.०४.
5. शेवटी काय काढणार याची लांबलचक यादी येते. ती इथे खरोखर मोठी असते आणि त्यात जुन्या लायब्ररी असणं स्वाभाविक आहे. फक्त तिसऱ्या पायरीतली ती चार नावं शोधा.

सावध: ‘नवी आवृत्ती आली, पण मला दाखवत नाही’ म्हणून ‘-डी’ जोडू नका. तो पर्याय अजून तयार होत असलेल्या आवृत्तीसाठी आहे. एलटीएसवाल्यांना पुढच्या एलटीएसची सूचना साधारण पहिली दुरुस्त आवृत्ती आल्यावर, म्हणजे मूळ आवृत्तीनंतर काही महिन्यांनी येते. तेवढं थांबायला हरकत नाही.

नव्या आवृत्तीत आल्यावर पहिलं काम कीबोर्डचं. सेटिंगमध्ये मराठी लेआउट आहे का बघा. ‘आयबस-एम१७एन’ वापरत असाल तर टेक्स्ट एडिटरमध्ये ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘ऱ्हास’ टाइप करा. जोडाक्षरं फुटली तर फॉन्टची पॅकेजेस पुन्हा बसवा. मग प्रिंटरवर एक पान काढा. त्यानंतर बंद झालेल्या बाहेरच्या रिपॉझिटरी एकेक करून चालू करा, प्रत्येकीनंतर ‘सुडो ॲप्ट अपडेट’ देऊन. नव्या आवृत्तीसाठी पॅकेजेस देत नसलेली रिपॉझिटरी लगेच ‘एर’ दाखवेल. ती बंदच राहू द्या आणि तिच्यातून आलेलं सॉफ्टवेअर स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमध्ये मिळतं का ते शोधा.